इंग्रजीचे नखरे, डिक्शनरीच्या बातम्या आणि आपली मराठी वाक्यं

प्रश्न : मी केज तालुक्यात शिक्षिका आहे. सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजीत कथा लिहिते. एका मासिकानं ‘गोष्ट आवडली, भाषेवर काम करा’ एवढंच कळवून कथा परत केली. इंग्रजीच्या गमतीजमती सांगणारे व्हिडिओ मी नेमानं बघते. पण तिथं रोज नवा नियम आणि रोज नवी बातमी. अमुक शब्द डिक्शनरीत आला, तमुक नियम रद्द झाला. यातलं काय धरायचं, काय सोडायचं? ब्रिटिश इंग्रजी लिहू की अमेरिकन? आणि भाकरीला काय म्हणू?

उत्तर : भाकरीला भाकरीच म्हणा. बाकीचं जरा बैजवार सांगतो.

मी लातुरात राहून इंग्रजी हस्तलिखितं तपासतो. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव या भागांतून येणारी बरीच हस्तलिखितं तुमच्यासारख्याच मराठी माध्यमातून आलेल्या लेखकांची असतात. व्हिडिओत दाखवतात त्या गमतींपायी त्यांचं लिखाण परत आलेलं मी क्वचितच पाहिलं. परत येतं ते मराठी वाक्याची चाल इंग्रजी शब्दांत उतरल्यामुळं. त्यावर व्हिडिओ सापडणार नाही, कारण लंडनमध्ये बसून इंग्रजी शिकवणाऱ्याला आपण ‘गेलो होतो’ कधी म्हणतो हे ठाऊक नसतं.

आधी बातम्यांचं बघू. शुद्धलेखनाला वरून शिक्का मिळतो, ही आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. साहित्य महामंडळानं नियम केले, राज्य शासनानं १९६२ मध्ये ते मान्य केले, आणि तुम्ही शाळेत त्यांच्याच आधारानं ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापता. इंग्रजीला असं महामंडळ नाही. फ्रेंचांनी १६३५ मध्ये अकादमी काढली. इंग्रजांकडेही तशी मागणी झाली, पण अकादमी काही निघाली नाही. सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये आला, तो एका माणसाचा खटाटोप होता, सरकारी हुकूम नव्हता. त्यामुळं ‘नियम रद्द झाला’ ही बातमीच मुळात पोकळ असते. रद्द करायला कुणी बसलेलंच नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशवाल्यांनी समाजमाध्यमांवर लिहिलं की वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन, म्हणजे ‘ॲट’, ‘टू’ यांसारखा शब्द, आलं तरी चालतं. केवढा गदारोळ झाला! जणू त्या दिवसापासून परवानगी मिळाली. खरं तर ही बंदी जॉन ड्रायडन नावाच्या कवीनं १६७२ च्या सुमारास बोलून दाखवलेली आवड होती. पुढच्या शिक्षकांनी ती लॅटिनच्या प्रेमापोटी पाठ्यपुस्तकांत घातली. बोलणारे आणि चांगले लिहिणारे तेव्हाही ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट’ असंच म्हणत होते. तुमच्या कथेत एखादी बाई दारातून ‘हू आर यू टॉकिंग टू?’ असं ओरडत असेल, तर तिला ‘टू हूम’ म्हणायला लावू नका. दारातली बाई एकदम कोर्टात उभी राहिल्यासारखी वाटेल.

शब्द कोशात आल्याच्या बातम्याही अशाच वाचाव्यात. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाच्या दहाव्या आवृत्तीत भारतीय इंग्रजीतले २६ नवे शब्द आले. आधार, डब्बा, हरताळ, शादी, आणि आपली चाळसुद्धा. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ‘ऑक्सफर्डनं चाळीला मान्यता दिली’ अशा थाटात ते छापलं. कोश मान्यता देत नाही. लोकांनी वापरून झाल्यावर नोंद करतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं, आणि आता दर तीन महिन्यांनी त्यात भर पडते. भर पडली म्हणून तुमचं वाक्य सुधारत नाही, आणि शब्द कोशात नाही म्हणून बिघडतही नाही.

कोशात असूनही कुणीच वापरत नव्हतं अशा एका शब्दाची गोष्ट आहे. १९३४ च्या वेब्स्टर कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थानं छापला गेला. झालं असं की ‘मोठा डी किंवा छोटा डी’ हे घनतेचं लघुरूप आहे, अशी एक चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. इंग्रजीतलं ‘डी ऑर डी’ जोडून कुणीतरी ‘डॉर्ड’ वाचलं. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाची व्युत्पत्तीच दिलेली नाही. तोवर पाच वर्षं तो दिमाखात बसून होता.

स्पेलिंगच्या गमती मात्र ऐकायला मला स्वतःला आवडतात, म्हणून दोन सांगतो. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना घातला, आणि साधारण त्याच काळात इंग्रजी स्वरांचे उच्चार पालटत होते. स्पेलिंग छापखान्यात गोठत गेलं, उच्चार पुढं सरकला. त्यात विद्वानांनी हात घातला. कर्जाच्या ‘डेट’मध्ये बोलताना बी नव्हता, लिहितानाही नव्हता, लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो मुद्दाम घुसवला. ‘आयलंड’मधला एस तर चुकीनंच आला, त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नव्हता. हे वर्गात सांगा, पोरं खूश होतील. कथेला त्याचा उपयोग नाही, कारण स्पेलिंग संगणक दुरुस्त करतो.

आता जिथं संगणक काही बोलत नाही तिथं येऊ.

पहिला आणि सगळ्यात मोठा घोळ ‘हॅड’चा. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘काल लातूरला गेलो होतो.’ पुढं काही सांगायचं असो वा नसो. तेच इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टू लातूर यस्टर्डे’ असं उतरतं. व्याकरणात बसतं, संगणक लाल रेघ मारत नाही. पण इंग्रजी वाचणारा ‘हॅड गॉन’ वाचलं की वाट बघतो : कशाच्या आधी गेला होता? दुसरी घटना येतच नाही, आणि तो मनातल्या मनात अडखळतो. एका पानावर असं बारा वेळा झालं की त्याला ‘भाषेवर काम करा’ म्हणावंसं वाटतं. नेमकं काय खटकलं हे त्यालाही सांगता येत नाही.

समजा तुमच्या कथेत असं आहे : ‘बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी बैल विकले होते. आजी खडी फोडायला जात होती. दुपारी सुकडी मिळायची. बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांनी एकदा सुकडीची पिशवी पळवली होती.’ मराठीत ‘होते’, ‘होती’ यांनी एक संथ लय येते, मागच्या काळाची धूळ बसते. इंग्रजीत पहिल्या वाक्यात एकदाच ‘हॅड सोल्ड’ लिहा, म्हणजे वाचक मागं गेला. त्यानंतर साधा भूतकाळ वापरा : ‘ब्रोक’, ‘गॉट’, ‘वॉज’, ‘स्टोल’. परत आजच्या प्रसंगात यायचं असेल तेव्हा ‘नाऊ’ किंवा एखादी ठोस कृती द्या. चांगल्या इंग्रजी कादंबऱ्यांत मागचा काळ कसा सुरू होतो ते पेन्सिल घेऊन बघा. ‘हॅड’ दोन-तीन वाक्यांत विरून गेलेला दिसेल.

दुसरी गोष्ट ‘ए’ आणि ‘द’ची. शाळेत आपण स्वर आला की ‘ॲन’ एवढंच शिकवतो, आणि तेही अर्धवट. अक्षर बघायचं नसतं, ध्वनी ऐकायचा असतो. म्हणून ‘ॲन एमपीएससी ॲस्पिरंट’ पण ‘अ यूपीएससी ॲस्पिरंट’. ‘ॲन एसटी बस’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. हे एका बैठकीत जमतं.

‘द’ मात्र कथाकाराचं हत्यार आहे आणि ते कुणी शिकवत नाही. मराठीत ‘अंगणात कुत्रं बसलं होतं. कुत्र्यानं मान वर केली.’ इथं दुसरं कुत्रं पहिलंच आहे हे आपल्याला न सांगता कळतं. इंग्रजीत पहिल्यांदा ‘अ डॉग’ आणि दुसऱ्यांदा ‘द डॉग’ म्हणावं लागतं. दुसऱ्यांदाही ‘अ डॉग’ लिहिलंत तर अंगणात दोन कुत्री झाली. इथपर्यंत व्याकरण. आता कथेची पहिली ओळ घ्या. ‘अ वेल हॅड ड्राइड अप’ म्हटलं तर कुठल्याशा गावात कुठलीशी विहीर आटली. सांगणारा बाहेरचा, वाचकही बाहेरचा. ‘द वेल हॅड ड्राइड अप’ म्हटलं की वाचक एकदम त्या गावचा होतो. ती विहीर त्याला माहीत असल्यासारखी त्याच्यापुढं येते. गावाच्या आतून सांगायच्या कथेला मी ‘द’ सुचवतो. पाहुण्याच्या नजरेतून सांगायची असेल तर ‘ए’. हा निर्णय पहिल्या ओळीत होतो आणि पुढं वीस पानं त्याचा परिणाम राहतो. म्हणून संपूर्ण पानातले ‘द’ आणि ‘ए’ हळदी रंगाच्या पेननं खुणावून एकेकाला विचारा : हे वाचकाला आधी माहीत आहे का? माहीत असल्यासारखं मला दाखवायचं आहे का?

‘च’ ही आपली तिसरी अडचण. ‘मी कालच सांगितलं’ याचं ‘आय टोल्ड यस्टर्डे ओन्ली’ होतं. भारतीय वाचकाला ते कळतं, नव्हे, गोड वाटतं. बाहेरच्याला ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’ एवढंच ठाऊक. माझं मत असं की पात्राच्या तोंडी ‘ओन्ली’ बिनधास्त राहू द्या. गेवराईचा कंडक्टर ऑक्सफर्डसारखं बोलला तर तो कंडक्टर राहत नाही. निवेदकानं मात्र ‘ओन्ली’ टाळावा, निवेदक मुद्दाम तसा घडवलेला असेल तर गोष्ट निराळी. पात्र आणि निवेदक यांची भाषा वेगळी आहे हे दिसलं की संपादकाची खात्री पटते : ही चूक नाही, ही निवड आहे. ‘प्रीपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘कझिन ब्रदर’, ‘गुड नेम’ या सगळ्यांना हाच न्याय लावा.

‘आय ॲम हॅविंग टू एकर्स’ यावर जास्त बोलायचं कारण नाही. आपल्याकडं ‘काय करायलाव?’, ‘समजायलंय का?’ असं सगळंच चालू काळात बोलतात, ते अंगात भिनलेलं असतं. माहीत असणं, जवळ असणं, समजणं, वाटणं या क्रियापदांना इंग्रजीत ‘आयएनजी’ सहसा लागत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

यापेक्षा अवघड गोष्ट आहे ‘यू’. आपल्या गावातली निम्मी गोष्ट तू, तुम्ही आणि आपण यांच्यात घडते. पंचवीस वर्षांचा मालकाचा पोरगा साठीच्या सालगड्याला ‘तू’ म्हणतो आणि सालगडी त्याला ‘मालक, तुम्ही’ म्हणतो. एवढ्या दोन ओळींत सगळी उतरंड उभी राहते. इंग्रजीत दोघंही ‘यू’. त्या भाषेतही पूर्वी ‘दाउ’ होता, पण सतराव्या शतकानंतर तो प्रमाण बोलीतून उठला, आणि आज वापरला तर देवळातली प्रार्थना वाटते. मग करायचं काय? एक तर हाक राखा. ‘मालक’, ‘दादा’, ‘तात्या’, ‘बाईसाहेब’ हे तसेच लिहा. म्हाताऱ्याच्या प्रत्येक वाक्यात ‘मालक’ येतो आणि पोराच्या वाक्यात काहीच येत नाही, हे वाचकाच्या कानावर पडतं. दुसरं, कृतीतून दाखवा : कोण बाजेवर बसलं, कोण खाली टेकलं, चहा कुणाला कपात आणि कुणाला पेल्यात. हे उपाय ‘ही यूज्ड द रिस्पेक्टफुल फॉर्म’ अशा स्पष्टीकरणापेक्षा कितीतरी बरे. असं स्पष्टीकरण कथेत एखाद्या वेळेस चालतं, तेही दोघांमधला ‘तू’ अचानक ‘तुम्ही’ होतो त्या वळणावर. नात्यांचंही तसंच. आत्या, मावशी, मामी, काकू या सगळ्यांची ‘आंट’ केलीत तर लग्नाच्या मांडवात कोण कुणावर रुसलंय ते वाचकाला कळायचं नाही.

ओळखीचे वाटणारे शब्दही दगा देतात. ‘कॉट’ म्हणजे आपली खाटच, शब्द इकडूनच गेला. पण ब्रिटनमध्ये कॉट म्हणजे बाळाचा पलंग आणि अमेरिकेत घडीची खाट. ‘आजोबा कॉटवर झोपले’ हे ब्रिटिश वाचकाला विनोदी वाटेल. ‘मटण’ आपलं बोकडाचं, त्यांचं मेंढीचं. ‘हॉटेल’ आपल्याकडं चहा-भजीचं, त्यांच्याकडं मुक्कामाचं. लोन ‘सँक्शन’ झालं म्हणजे मंजूर झालं. देशावर ‘सँक्शन्स’ आले म्हणजे निर्बंध लागले. एकाच शब्दाचे उलटे अर्थ. अशा ठिकाणी शब्द बदलायचाच असं नाही, बाजूचं वाक्य नीट रचायचं. टपरी, कढई, रस्सा दिसला की हॉटेल कुठलं ते कळतंच.

हेच भाकरीला लागू. ‘मिलेट फ्लॅटब्रेड’ लिहिलं की ती भाकरी राहत नाही, पाककृतीच्या पुस्तकातला पदार्थ होतो. ‘भाकरी’ लिहा, तिरक्या टाइपात टाकू नका, पुढं स्वल्पविराम देऊन अर्थ सांगू नका. परातीत थापली, तव्यावर टाकली, पाणी लावून उलटली, एवढं एका वाक्यात आलं की जगातल्या कुठल्याही वाचकाला ती दिसते. देशी शब्द तिरके छापायची जुनी पद्धत आता बरेच प्रकाशक सोडत आहेत, आणि मला ते योग्य वाटतं. भाकरी थापणाऱ्या बाईला तो शब्द परका नाही. मग तिची गोष्ट सांगणाऱ्या पानावर तो परका का दिसावा?

एक इशारा वर्तमानपत्री इंग्रजीबद्दल. इंग्रजी सुधारायला पेपर वाचा, हा सल्ला तुम्हाला शंभर जणांनी दिला असेल. वाचा, पण मथळ्यांवरून वाक्य शिकू नका. मथळ्यात घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात येते, होणारी ‘टू’ लावून येते, ‘ए’ आणि ‘द’ गळतात, आणि ‘नॉड’, ‘रो’, ‘प्रोब’, ‘हेल्ड’ असे तोकडे शब्द जागा वाचवायला येतात. शब्द इतके कोंबले की कधीकधी अर्थच उलटतो. २००९ मध्ये जपानमधल्या एका इंग्रजी बातमीच्या मथळ्यात ‘क्रॅश’ आणि ‘ब्लॉसम्स’ शेजारी आले. विमान अपघाताशी नाव जोडलेली एक व्हायोलिनवादक कलाकार म्हणून बहरते आहे, असं म्हणायचं होतं. वाचणाऱ्यांना प्रश्न पडला की हे ‘क्रॅश ब्लॉसम्स’ काय असतं. तेव्हापासून अशा फसव्या मथळ्यांचं नावच ‘क्रॅश ब्लॉसम’ पडलं.

विरामचिन्हांत एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर खरंच पैसे मोजले गेलेत. यादीत शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, हा इंग्रजीतला जुना वाद. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती, तिच्या शेवटी ‘वाहतुकीसाठी पॅकिंग किंवा वितरण’ अशा अर्थाचे शब्द होते आणि मध्ये स्वल्पविराम नव्हता. दूध डेअरीच्या ड्रायव्हरांनी म्हटलं, आम्ही वितरण करतो, पॅकिंग नाही. मग ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं कायदा संदिग्ध ठरवून त्यांची बाजू घेतली, आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तुमच्या कथेत हा स्वल्पविराम द्या किंवा देऊ नका. फक्त सगळीकडं एकच पद्धत ठेवा.

ब्रिटिश की अमेरिकन, याचं उत्तर कथा कुठं पाठवायची त्यावर आहे. भारतातल्या प्रकाशकांना आणि मासिकांना साधारणपणे ब्रिटिश स्पेलिंग चालतं. अमेरिकेत पाठवणार असाल तर ‘कलर’मधला यू काढा. हा यू काढण्याचा आग्रह नोआ वेब्स्टरचा, त्याचा मोठा कोश १८२८ चा. ‘ऑर्गनाइझ’मधला झेड मात्र अमेरिकन समजून लाल पेननं कापू नका. ऑक्सफर्ड स्वतः झेड वापरतं. कोणतंही एक धरलं की संगणकात भाषा तीच निवडा, नाहीतर एकाच पानावर दोन्ही येतात आणि तेच संपादकाला सगळ्यात आधी दिसतं.

आणि एका कागदावर आपल्या निवडी लिहून ठेवा. संपादक याला स्टाइल शीट म्हणतात. ‘भाकरी’चं रोमन स्पेलिंग काय, आकडे लाख-कोटीत की मिलियनमध्ये, संवादाला एकेरी अवतरण की दुहेरी. आपल्या भागात गावांच्या नावांची नोंद तर हवीच. कथा १९९५ ची असेल तर पात्रं ‘औरंगाबाद’ आणि ‘उस्मानाबाद’ म्हणतील, आजची असेल तर एकाच घरात आजी जुनं नाव घेईल आणि नातू ‘संभाजीनगर’ म्हणेल. पात्रागणिक काय ठरवलंय ते कागदावर असू द्या.

राहिली परत आलेली कथा. संपादक नाकारलेल्या बहुतेक कथांवर एक ओळही लिहीत नाहीत. ‘गोष्ट आवडली’ असं लिहिलंय म्हणजे ती शेवटपर्यंत वाचली गेली. तीच कथा दुरुस्त करून त्यांच्याकडं परत पाठवू नका, त्यांनी मागितलेली नाही. ‘हॅड’, ‘द’ आणि ‘ओन्ली’ यांवरून एकदा हात फिरवून ती दुसरीकडं पाठवा. या मासिकाला पुढची कथा पाठवा, आणि सोबतच्या पत्रात त्यांच्या त्या ओळीचा उल्लेख करा.